डब्यावरचं नाव



मी कुणी प्राध्यापक नाही. आयटीत सल्लागार म्हणून काम करतो, मध्यंतरी नोकरी सांभाळून संध्याकाळचं एमबीए केलं, आणि सध्या घरात अकरावीतली एक मुलगी आहे. आजचा विषय तिच्यामुळेच सुचला. ऐकायला जरा रुक्ष वाटेल: शाळा-कॉलेजच्या लेखनात संदर्भ कसे द्यायचे. पण इथे अमेरिकेत मुलांचे मोठे पेपर सुरू होण्याचे हे दिवस आहेत, आणि या एका बाबतीत आपल्या घरांमध्ये फार गैरसमज आहेत. म्हणून दहा मिनिटं द्या.

आधी माझीच गोष्ट सांगतो. ती मी बरीच वर्षं घरातसुद्धा सांगितली नव्हती.

एमबीएचं दुसरं सत्र. मायकेल पोर्टर यांची 'पाच स्पर्धात्मक शक्तीं'ची मांडणी वापरून एका उद्योगाचं विश्लेषण करायचं होतं. दिवसभर ऑफिस, रात्री अभ्यास. एका अहवालातले दोन परिच्छेद मला फार आवडले. मी ते घेतले, दहा-बारा शब्द बदलले, आणि शेवटच्या संदर्भसूचीत त्या अहवालाचं नाव इमानदारीने टाकलं. नाव दिलंय म्हटल्यावर चोरी कसली? मी निर्धास्त होतो.

आठवड्याभराने प्राध्यापिकाबाईंनी भेटायला बोलावलं. टेबलावर माझा पेपर, शेजारी तो अहवाल, दोन्हींवर पिवळ्या रेघा. त्यांनी शांतपणे विचारलं, "या दोन परिच्छेदांतलं तुमचं वाक्य कुठलं?" मला एकही दाखवता येईना. मग दुसरा प्रश्न: "पोर्टर यांचं १९८० चं पुस्तक तुम्ही वाचलंत का?" नव्हतं वाचलं. तो संदर्भ मी दुसऱ्याच्या लेखातून जसाच्या तसा उचलला होता.

त्या पेपरला शून्य मिळालं आणि विभागाच्या फाइलमध्ये एक नोंद झाली. 'बी'च्या खाली ग्रेड गेली, तर कंपनी फी परत द्यायची नाही. त्या विषयाची फी माझ्या खिशातून गेली. घरी बायकोला सांगितलं, "कंपनीचे नियम बदललेत."

आता यात माझी लबाडी होती का? फसवायचा हेतू नव्हता, हे खरं. आमच्या शाळेत गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं की दहापैकी नऊ मिळायचे. पुस्तकातलं वाक्य तोंडपाठ असणं हीच हुशारी. त्या पाठांतराने आपलं भलंही केलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण इथे तेच केलं की त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात, आणि 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर फारसं चालत नाही. आपल्याकडून एमएस करायला येणाऱ्या भाचे-पुतण्यांना तर हे पहिल्याच आठवड्यात सांगा. स्टुडंट व्हिसावर असताना विद्यापीठाने निलंबित केलं, तर मार्कांबरोबर व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो.

मग नेमकं करायचं काय?

पहिली गोष्ट. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर अवतरणचिन्हं घाला आणि तिथल्या तिथे, त्याच वाक्यात किंवा वाक्याच्या शेवटी, ते कुणाचे हे सांगा. शेवटच्या यादीत नुसतं नाव टाकून भागत नाही. माझी चूक हीच होती. लेखात जो उल्लेख आहे तो यादीत हवा, आणि यादीत जे नाव आहे त्याचा लेखात उल्लेख हवा. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, जमाखर्चासारख्या.

दुसरी गोष्ट. आपल्या शब्दांत लिहिलं तरी विचार दुसऱ्याचा असेल, तर संदर्भ द्यायचाच. आणि 'आपल्या शब्दांत' म्हणजे चार शब्द बदलणं नव्हे. मी मुलीला एक साधी युक्ती सांगितली आहे: वाच, पुस्तक बंद कर, समजलं ते लिही, मग पुस्तक उघडून ताडून बघ. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की हात आपोआप त्यांच्याच वाक्यावरून फिरतो.

तिसरी गोष्ट. जे स्वतः वाचलं, त्याचाच संदर्भ द्या. पोर्टर यांची ही मांडणी १९७९ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधल्या लेखात आली आणि १९८० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. तुम्ही ती एखाद्या पाठ्यपुस्तकात वाचली असेल, तर 'पोर्टर यांचं मत, अमुक पाठ्यपुस्तकात दिल्याप्रमाणे' असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही. न वाचलेलं पुस्तक वाचल्यासारखं दाखवण्यात आहे.

मग प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचा का? नाही. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला नको. पण आकडा, कुणाचं मत, कुणाचा शोध, वादाचा मुद्दा, हे आलं की हवा. शंका आली तर द्या. जास्तीचा संदर्भ दिला म्हणून कुणाला शून्य मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता त्या शैलींचा गोंधळ. एमएलए म्हटलं की आपल्याला आमदार आठवतो, पण हे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनचे नियम. साहित्याच्या पेपरमध्ये ते लेखक आणि पान क्रमांक मागतात, कारण तिथे नेमकी ओळ कुठल्या पानावर आहे याला महत्त्व. एपीए मानसशास्त्रवाल्यांची. ती लेखक आणि साल मागते, कारण अभ्यास कधीचा आहे हे आधी कळायला हवं. इतिहासात बऱ्याचदा शिकागो पद्धतीच्या तळटीपा असतात. एपीएची सुरुवात १९२९ मध्ये सात पानांच्या लेखाने झाली. आज तिचं पुस्तक चारशे पानांच्या वर गेलंय, तेव्हा मुलं वैतागली तर रागावू नका. कुठली शैली हवी हे शिक्षकांना विचारा. स्वल्पविराम आणि कंस झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर बघून घेतं. मात्र छापण्याआधी नजर टाका, त्यातही चुका होतात.

आता मुलीचा प्रसंग. इतिहासाच्या पेपरला तिने विषय घेतला होता १९४६ चा ल्यूस-सेलर कायदा. त्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेचं नागरिकत्व घेता येऊ लागलं, आणि भारतातून येणाऱ्यांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा ठरला. रात्री अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर बसून ती म्हणाली, "बाबा, हे पुस्तक कुठेच सापडत नाहीये." संदर्भ तिने एआयला विचारून घेतला होता. लेखकाचं नाव, प्रकाशन, पान क्रमांक, सगळं झकास. लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये शोधलं, इतरत्र शोधलं. असं पुस्तकच नव्हतं.

ती म्हणाली, "आकडा तर बरोबर आहे ना? मग राहू दे. कोण बघतंय?"

मी तिला न्यूयॉर्कचा एक खटला सांगितला. २०२३ मध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निवाडे कोर्टापुढे ठेवले. त्यातले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. कोर्टाने पाच हजार डॉलर दंड केला. ती ऐकून हसली. "ते वकील होते, बाबा." मग माझ्यापुढे पर्याय उरला नाही. मी तिला तो शून्याचा किस्सा सांगितला, पिवळ्या रेघांसकट. बायकोही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे कंपनीचे नियम बदलले नव्हते तर."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. टेबलावर चिवड्याचा स्टीलचा डबा होता, आमच्या लग्नात आलेला. मुलीने झाकणावरची अक्षरं वाचायला घेतली. तिचं मराठी वाचन सावकाश आहे. आत्याचं नाव, 'हिजकडून सप्रेम भेट', खाली तारीख. तिने विचारलं, "डब्यावर कशाला लिहायचं?" मी म्हटलं, कुणी दिला आणि कधी दिला, हे पुढे कळावं म्हणून. आत्या आता नाही. आम्ही तीन घरं बदलली. पण हा डबा काढला की तिचं नाव निघतंच. डबा आमचा आहे, रोज आम्हीच वापरतो, नावाने त्यात काही कमी होत नाही.

मुलगी म्हणाली, "ओके, आय गेट इट." संदर्भ खोडला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रंथपालबाईंकडे गेली, त्यांनी दोन खरी पुस्तकं काढून दिली. कोट्याचा आकडा त्यातल्या एकात सापडला, पानासकट. आणि एआयने न सांगितलेली एक गोष्टही सापडली: १९२३ चा भगतसिंग थिंद यांचा खटला, ज्यात सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं होतं. तिचा पेपर तिथून सुरू झाला. खरं पुस्तक शोधायला गेली नसती, तर तिला ते भेटलंच नसतं.

तेव्हा मंडळी, मुलांचे पेपर आपण लिहून देऊ नका, स्वल्पविरामही तपासत बसू नका. जेवताना दोनच प्रश्न विचारा. हे तुला कुठून कळलं? आणि यातलं तुझं स्वतःचं काय? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देता आलं, तर पेपर चांगला झालाय असं समजा. मला त्या दिवशी देता आलं नव्हतं.