नेम पक्का करणारे खेळ

फतेगंज आणि परिसरातल्या ज्या मुलामुलींनी नुकतंच धनुष्य हाती घेतलंय, त्यांच्यासाठी आज सरावातल्या काही खेळांविषयी.

2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मिळवले. पंधरा बाण, पंधराही दहाच्या वर्तुळात! साताऱ्याची आदिती स्वामीही तिथंच विश्वविजेती झाली, वय अवघं सतरा. अशी अचूकता येते एकच हालचाल पुन्हापुन्हा तशीच करण्यातून, आणि तिथंच मुलं कंटाळतात. म्हणून खेळ हवेत.

माझा सर्वांत आवडता खेळ दोरीचा. प्रत्येकानं तीन बाण सोडायचे, मग त्या बाणांभोवती दोरी फिरवायची. ज्याची दोरी सर्वांत आखूड, तो जिंकला. बाण मध्याच्या बाहेर का असेनात, एकत्र पडले म्हणजे हात स्थिर आहे. बाकी दुरुस्ती धनुष्यावरची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, सरकवून होते.

लहानांना फुगे लावून द्या. फुटल्याचा आवाज हेच बक्षीस. दोन गटांत फुली-गोळाही रंगतो. मोठ्यांनी एका बाणाचा सामना खेळावा, मध्याच्या जवळ कोण? वीस सेकंदांत बाण सुटायला हवा.

मात्र प्रशिक्षक हजर हवेत. सगळे नेमबाज एकाच रेषेवर, बाकीचे त्यांच्या मागे. शिट्टी झाल्याशिवाय बाण आणायला कुणीही पुढं जायचं नाही. आणि बाण न लावता ताणलेली प्रत्यंचा कधीही सोडू नका, धनुष्य तुटू शकतं.