राग कुणाचा, निघतो कुणावर?

(संघाच्या मासिक सभेत झालेलं भाषण. ज्या भगिनींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मी समुपदेशनाचं काम करते. कर्ज, व्याज, परतफेड यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून त्यावर मी बोलणार नाही. हिशोब चोख असूनही गट का फुटतो, त्यावर बोलणार आहे.

एका गटातली गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही, थोडे तपशीलही बदललेत. बैठक चालू होती. सचिव ताई वहीत बघून एकीला म्हणाल्या, "तुमचा या महिन्याचा हप्ता राहिलाय बरं का." एवढंच. ती बाई ताडकन उठली. "मला काय चोर समजता?" म्हणाली आणि निघून गेली. पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. हप्ता पोरीच्या हातून पाठवला.

नंतर ती माझ्याजवळ बोलली. नवीन लग्न होऊन आली तेव्हा सासू रोज रात्री साखरेचा डबा उघडून सगळ्यांदेखत विचारायची, "एवढी साखर गेली कुठं?" सासूला जाऊन 12 वर्षं झाली. पण कुणी वहीत बघून काही विचारलं, की हिच्या पोटात गोळा येतो. ती म्हणाली, "बोलत होती सचिव ताई, पण मला ऐकू आली सासू."

मानसोपचारात याला ट्रान्सफरन्स म्हणतात. आपण भावनांतरण म्हणू. जुन्या माणसाबद्दलचा राग, भीती, माया आपल्या नकळत नव्या माणसावर जाऊन बसते. यात वेडेपणा काही नाही. तुमचं-माझं, सगळ्यांचंच असं होतं.

ही गोष्ट ओळखायला मोठ्या डॉक्टरांनाही वेळ लागला. व्हिएन्ना शहरात सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे 1900 साली 18 वर्षांची एक मुलगी उपचाराला येत होती. तीन महिने व्हायच्या आतच तिनं उपचार सोडले. 1905 साली तिची हकिगत छापताना फ्रॉइडनी चूक कबूल केली. तिच्या मनात दुसऱ्याच माणसाबद्दलचा राग होता, तो आपल्यावर आलाय हे आपण वेळेत ओळखलं नाही, असं त्यांनी लिहिलं.

त्याच 1905 साली अमेरिकेत, बोस्टन शहरात, डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना दर आठवड्याला एकत्र बसवायला सुरुवात केली. रुग्ण रोजची नोंद वहीत करायचे आणि ती वही बैठकीला आणायचे. आपल्यासारखंच की! पुढे मनाच्या दुखण्यासाठीही असे गट सुरू झाले. सात-आठ जण गोल करून बसतात, सोबत शिकलेला उपचारक असतो.

अशा गटांवर अर्विन यालोम या डॉक्टरांनी 1970 साली मोठं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की गट हा घरासारखा असतो. उपचारक आई-बापाच्या जागी दिसतो आणि बाकीचे भावंडांच्या जागी. म्हणून घरातली जुनी भांडणं तिथे परत उभी राहतात. पण गटात एक फायदा असतो. एक जण म्हणतो, "डॉक्टर माझ्यावर चिडलेत." शेजारचा म्हणतो, "मला तर तसं वाटलं नाही." तिसराही तेच म्हणतो. मग पहिला विचारात पडतो, मला एकट्यालाच असं का दिसलं? दोघंच असले तर हे कळणं अवघड. गटात साक्षीला माणसं असतात.

आपल्याही गटात दहा-बारा जणी साक्षीला आहेत. म्हणून राग आला तर उठून जाण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. झालं त्या मानानं माझा राग जास्त आहे का? असं मला आधी कुणासमोर वाटलं होतं? आणि जिच्यावर विश्वास आहे अशा एखादीला विचारा, "ताई, तुला काय ऐकू आलं?"

आता दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवा.

पहिली. हे कुणाचं तोंड बंद करायला वापरू नका. एखादीनं "पैसे कुठं गेले?" असं विचारलं, तर "तुझं ते सासूचं दुखणं आहे" म्हणायचं नाही. आधी वही उघडायची, पासबुक दाखवायचं. नियमित लेखे हे आपल्या पंचसूत्रीतलंच सूत्र आहे. हिशोब विचारणं हा प्रत्येकीचा हक्क आहे.

दुसरी. राग जातो तशी मायाही जाते. "अध्यक्ष ताई मला आईसारख्या," म्हणून न वाचता पैसे काढायच्या स्लिपवर सही करणाऱ्या बाया मी पाहिल्यात. आईची माया आईजवळ राहू द्या. सही मात्र वाचूनच करा.

आपला बचत गट म्हणजे उपचाराचा गट नव्हे. कुणाचं जुनं दुःख बैठकीत उकरून काढू नका, आणि विश्वासानं सांगितलेलं बाहेर नेऊ नका. मन फारच जड झालं, झोप उडाली, जगू नये असं वाटलं, तर सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही चालतो.

त्या गटाचं पुढे काय झालं? ती बाई तिसऱ्या बैठकीला आली आणि साखरेच्या डब्याची गोष्ट तिनं स्वतःच सांगितली. सचिव ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझाही आवाज जरा चढतोच." त्या दिवसापासून त्या गटात थकलेल्या एकटीचंच नाव घेत नाहीत. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळ्यांचा हिशोब वाचतात.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करून बघा.