बाळंतिणीचं मन



घरात बाळ आलं की पाहुण्यांची रीघ लागते. बाळाचं वजन किती भरलं, नाक कुणाचं घेतलं, सगळी चौकशी होते. बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं वेळच्या वेळी मिळतं. तरीही एखादी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. बाळ रडलं तरी तिला उठावंसं वाटत नाही. मग कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं नाटकं आहेत. ‘आम्हाला नाही का झाली मुलं?’ हे एकदा कानावर पडलं की ती बोलायचीच बंद होते.

हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते येतं कुठून, हे आज सांगायचं आहे.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं, हे निम्म्याहून अधिक बायकांना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत निवळतं. गरोदरपणात वाढलेली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं वार पडल्यावर झपाट्याने खाली येतात, त्याचा यात वाटा असतो. पण ती तर प्रत्येकीचीच खाली येतात. मग काहीजणींचं मन सावरतं आणि काहीजणी महिनोन्‌महिने त्यात अडकून राहतात, असं का?

याचं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात शोधलं गेलं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर स्त्रियांची पाहणी केली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यापैकी सुमारे २३ टक्के मातांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा. नैराश्य आलेल्या या मातांपैकी ७८ टक्के जणी गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. आपण कारण बाळंतपणात शोधतो, आणि ते कित्येक महिने आधीच घरात येऊन बसलेलं असतं.

कोणतं कारण? पैशाची ओढाताण. नवऱ्याशी न पटणं. आणि बाळ मुलगा की मुलगी, यावर या कारणांचा भार हलका किंवा जड होत होता. ऐकायला कटू वाटेल, पण जन्मलेल्या मुलीकडे पाहून घरातल्यांचे चेहरे पडतात, त्याची किंमत तिची आई मोजते. हा दोष तिच्या मनाच्या कमकुवतपणाचा नाही. तो आपल्या घरांचा आहे, आणि तो घरांनीच दुरुस्त करायला हवा.

शरीराची कारणंही असतात. आधी कधी नैराश्य आलेलं असेल, माहेरी रक्ताच्या नात्यात कुणाला असेल, तर धोका वाढतो. थायरॉइडचा बिघाड किंवा रक्तक्षय असेल तरी थकवा आणि उदासी येते, म्हणून रक्ताची तपासणी करून घ्यावी. रात्र-रात्र झोप न मिळणं हे तर आहेच. बहुतेक वेळा यांतली दोन-तीन कारणं एकत्र येतात. त्यामुळे ‘हिला काय कमी आहे?’ या प्रश्नाने काहीच उलगडत नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे. सातव्या महिन्यात ओटी भराल, तेव्हा तिला एकांतात विचारा: झोप लागते का? कशात मन रमतं का? घरात कुणाचा धाक वाटतो का? आणि तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐका. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांना दाखवा. समुपदेशनाने पुष्कळजणी बऱ्या होतात. गरज पडली तर अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. मात्र तिला भास होऊ लागले, ती असंबद्ध बोलू लागली, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवू लागली, तर तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते, मराठीतूनही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. क्रमांक लिहून घ्या: एक, चार, चार, एक, सहा. १४४१६. तिच्या वतीने घरातल्या कुणीही हा फोन करावा. नवऱ्याने केला तर उत्तमच.