कॅप्रिव्हीची पट्टी आणि कासिकिलीचे बेट



नामिबियाच्या नकाशात ईशान्येच्या कोपऱ्यातून सुमारे ४५० किलोमीटर लांबीची एक चिंचोळी पट्टी पूर्वेकडे निघालेली दिसते. उत्तरेस अंगोला व झांबिया, दक्षिणेस बोत्सवाना. तिच्या पूर्व टोकाला झांबेझी आणि चोबे या नद्यांमधला सखल, पुराचा प्रदेश आहे. १ जुलै १८९० रोजी ब्रिटन व जर्मनी यांनी केलेल्या करारातून ही पट्टी जन्मास आली. त्या सौद्यात जर्मनीने हेलिगोलँड बेट घेतले, झांझिबारवरील ब्रिटिश अधिसत्तेस मान्यता दिली आणि आपल्या वसाहतीसाठी झांबेझीपर्यंत वाट मिळवली. ही वाट कोठेही वीस इंग्रजी मैलांहून अरुंद नसावी, असे कलम होते. नाव मिळाले ते जर्मन चॅन्सेलर कॅप्रिव्ही यांचे. ज्या नदीसाठी हा खटाटोप, तिच्याच प्रवाहात थोडे खाली व्हिक्टोरिया धबधबा आहे आणि लिव्हिंग्स्टनने तो १८५५ सालीच पाहिला होता! तेथील रहिवाशांस कोणी विचारले नाही, हे सांगावयास नकोच.

हक्क सांगितला, पण जर्मनीचा अधिकारी तेथे पोहोचण्यास १९०९ साल उजाडले. १९१४ मध्ये ब्रिटिश आले. पुढे कारभार काही वर्षे बेचुआनालँडकडे, १९२९ पासून विंडहूककडे, तर १९३९ पासून पूर्व भागाचा थेट प्रिटोरियाकडे गेला. प्रत्येक धनी दूरचा. १९७० नंतरच्या दशकात वंशभेदी राजवटीने तेथे 'स्वशासित' मायदेशाचे नाटक उभे केले. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला, तरी राजधानी रस्त्याने बाराशे किलोमीटरांवर राहिली. २ ऑगस्ट १९९९ रोजी काटिमा मुलिलो येथे फुटीरांनी सशस्त्र उठाव केला. तो मोडला गेला. पण राजद्रोहाच्या मुख्य खटल्याचा निकाल लागण्यास २०१५ उजाडले आणि तोवर अनेकांची उमेदीची वर्षे कोठडीत गेली. मधल्या काळात, २०१३ साली, सरकारने प्रांताचे नाव बदलून झांबेझी केले.

वसाहतकालीन सीमा जशाच्या तशा मान्य कराव्यात, असा ठराव आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६४ साली कैरो येथे केला होता. युद्धे टाळण्याचा तो हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु त्याची किंमत कोण देतो, ते चोबे नदीतील कासिकिली बेटावर दिसते. बोत्सवानात त्यास सेडुडु म्हणतात. क्षेत्रफळ साडेतीन चौरस किलोमीटर. मार्चच्या सुमारास पूर येतो आणि बेट कित्येक महिने पाण्याखाली जाते. पाणी ओसरले की कॅप्रिव्हीतील मासुबिया लोक तेथे येऊन शेती करीत. वसाहतीचा कारभार सुरू होण्यापूर्वीपासूनचा हा परिपाठ.

दोन्ही देशांनी शस्त्र न उचलता हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालय गाठले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. प्रश्न एवढाच, की १८९० च्या करारातील 'मुख्य प्रवाह' कोणता? १३ डिसेंबर १९९९ रोजी न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी उत्तरेचा फाटा मुख्य ठरवला. तो अधिक खोल, अधिक रुंद. बेट बोत्सवानाचे झाले. मासुबियांची वहिवाट न्यायालयाने नाकारली नाही. मात्र ते तेथे राज्यसत्तेचे प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर शेतीपुरते येत होते, सबब तिच्यातून सार्वभौमत्वाचा हक्क उत्पन्न होत नाही, असे ठरले. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असेलही. पण ज्यांनी १९०९ पर्यंत तेथे पाऊलही ठेवले नाही, त्यांच्या कागदाचे वजन नांगरापेक्षा अधिक भरले. बेटाभोवतीच्या दोन्ही फाट्यांत दोन्ही देशांच्या नागरिकांस व नौकांस समान वागणूक मिळेल, असे निवाड्यात नमूद आहे. बेटावरील शेतीला तशी हमी नाही.