परदेशचे नागरिकत्व आणि वकिलाचा मेहनताना

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात नरसी नामदेव येथे दिलेले भाषण)



श्रीसंत नामदेवमहाराजांच्या या जन्मग्रामी आपण दरवर्षी जमतो. महाराज येथून निघून थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले. वाटेत त्यांना पारपत्र कोणी विचारले नाही. आपली मुले आज पुण्याहून आणि हैदराबादेहून अमेरिकेस जातात, त्यांना मात्र पावलोपावली कागद दाखवावा लागतो. मराठवाड्यास हे अगदीच नवे नव्हे. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीसाठी 'मुल्की' असल्याचा दाखला लागे, हे आपल्या वाडवडिलांनी अनुभवले आहे. परंतु त्या दाखल्यासाठी आणि आजच्या या कागदांसाठी होणाऱ्या खर्चात जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि त्या खर्चाविषयीच मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

गेल्या वर्षी समाजातील एक गृहस्थ मजकडे एक कागद घेऊन आले. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत नोकरीस आहेत. एका मध्यस्थाने धाडलेल्या त्या कागदावर एकच आकडा होता आणि त्याखाली 'नागरिकत्वाच्या कामाचा एकूण खर्च' अशा अर्थाची एक ओळ. सरकारी फी किती, वकिलाचा मेहनताना किती, मध्यस्थाचे किती, कशाचाच पत्ता नाही. एवढ्यावर हे गृहस्थ एक एकर जमीन विकावयास निघाले होते! आपल्यातला माणूस परक्याचे कापडसुद्धा माप घेतल्यावाचून कापीत नाही. स्वतःच्या जमिनीस मात्र कात्री लावावयास तो तयार झाला, याचे मला नवल वाटले. मी त्यांस म्हटले, "अहो, आधी चिरंजीवांस एवढेच विचारा, की हे काम कोणत्या पायरीचे आहे?"

कारण आपल्या घरोघरी तीन निराळ्या गोष्टींस सरसकट 'नागरिकत्व' म्हणतात. पहिली पायरी नोकरीच्या व्हिसाची. तेथे अर्जदार मुलगा नसून त्याचा मालक असतो आणि त्या अर्जाच्या वकिलाचे देणेही मालकाचेच. दुसरी पायरी कायम वास्तव्याच्या परवान्याची, ज्यास ग्रीन कार्ड म्हणतात. तिचा आरंभ बहुधा तेथील मजूर खात्याच्या दाखल्याने होतो. त्या दाखल्याचा खर्च, मालकाच्या वकिलाच्या मेहनतान्यासह, मालकानेच सोसावा, नोकराकडून वसूल करू नये, असा नियम अमेरिकेत 16 जुलै 2007 पासून आहे. आमच्या गृहस्थांच्या मुलाचे उत्तर आले तेव्हा कळले, की त्या कागदावरील काम नेमके याच दाखल्याचे होते. जमीन राहिली.

या पायरीच्या शेवटी मुलास स्वतःचा अर्ज करावा लागतो. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या दरपत्रकात त्याची फी प्रत्येक प्रौढ व्यक्तीस 1,440 डॉलर आहे आणि ती मालक देतोच असे नाही. शिवाय एका देशाच्या लोकांस वर्षास सात टक्क्यांहून अधिक जागा सहसा मिळत नसल्याने हिंदी माणसाची रांग कित्येक वर्षांची होते. वकिलाने कितीही घेतले तरी ती रांग आखूड होत नाही. ती आखूड करून देतो असे सांगणारा भेटला, तर त्यास दारातूनच नमस्कार करावा.

नागरिकत्व ही तिसरी पायरी. ग्रीन कार्डानंतर साधारणतः पाच वर्षांनी, किंवा नागरिकाशी विवाह होऊन त्याच्यासह नांदत असल्यास तीन वर्षांनी, अर्ज करता येतो. त्याच दरपत्रकाप्रमाणे ही फी संगणकावरून अर्ज केल्यास 710 डॉलर व कागदी अर्जास 760 डॉलर. म्हणजे साधारण 65 ते 70 हजार रुपये. अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही. परीक्षाही असते. 20 ऑक्टोबर 2025 पासून केलेल्या अर्जांसाठी 128 प्रश्नांच्या यादीतून 20 विचारतात आणि 12 बरोबर यावे लागतात. पूर्वी दहापैकी सहा लागत. मास्तराच्या हिशेबाने उत्तीर्णतेचे प्रमाण तेच, अभ्यास मात्र वाढला.

या अर्जास वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही. ज्याचे कागद सरळ आहेत तो स्वतः अर्ज भरू शकतो. परंतु अर्जदार सहा महिन्यांहून अधिक काळ सलग देशाबाहेर राहिला असेल, कराचा घोटाळा असेल, पोलिसांनी कधी अटक केली असेल, तर वकिलाच्या पैशांत काटकसर करू नये. मात्र वकील सनदी असावा. तेथे 'नोटरी' म्हणजे वकील नव्हे, आणि कागद भरून देणाऱ्या दलालास कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार नाही. वकील आपला मेहनताना स्वतः ठरवितात. म्हणून कामाची व्याप्ती आणि रक्कम, सरकारी फीपासून निराळी अशी, लेखी मागावी.

खऱ्या वकिलाचे मोल किती असते, याचे एक उदाहरण सांगतो. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस 'गोरा' नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे स्वतः 1914 मध्ये नागरिक झालेले. निकालानंतर सरकारने पूर्वी दिलेली नागरिकत्वे काढून घेण्याचा सपाटा लावला, त्यात पंडितांवरही दावा झाला. नागरिकत्व गेल्यास आपण कोणत्याच देशाचे उरणार नाही, वकिली जाईल, पत्नीचेही नागरिकत्व जाईल, असे त्यांनी मांडले. 1926 मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले आणि 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे गाऱ्हाणे ऐकण्यास नकार दिला. हिंदी लोकांस तेथे नागरिक होण्याचा हक्क कायद्याने मिळाला तो पुढे 1946 मध्ये.

आता इकडचा खर्च. तो डॉलरांत सर्वस्वी मोजता येत नाही. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेताच भारताचे संपते. पारपत्र परत करावे लागते. 2023 या एका वर्षात 2,16,219 भारतीयांनी असे नागरिकत्व सोडले. त्यानंतर 'ओसीआय' कार्ड घेता येते. त्याची फी परदेशात 275 डॉलर, भारतात 15,000 रुपये. त्यावर येणे-जाणे, राहणे सुखाने होते, परंतु मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. म्हणूनच माझे म्हणणे, की मुलाच्या परदेशी कागदासाठी येथील शेत विकताना बापाने दोनदा विचार करावा. एकदा गेलेले शेत त्या मुलास पुन्हा विकत घेता येणार नाही.

ज्यांच्या घरी असे कागद आले असतील त्यांनी ते भोजनोत्तर मजकडे आणावेत. इंग्रजी वाचून दाखविण्याइतके मला येते. सल्ला वकिलाचाच घ्यावा.