नोंदणी फॉर्मवर तो रकाना का नव्हता
(१९९६ च्या दहावीच्या तुकडीचा मेळावा, नागपूर, जानेवारी २०२४. भाषणाचा मजकूर.)



विषय माझा मीच ओढवून घेतला आहे. मेळाव्याचा नोंदणी फॉर्म मी बनवला, ग्रुपवर टाकला, आणि अर्ध्या तासात मेसेज आला, "काहून बे, लिंग विचारायचं विसरली का? म्हणे सॉफ्टवेअर इंजिनीअर!" खाली हसणारे चेहरे. मी विसरले नव्हते, मुद्दाम ठेवला नाही. "मेळाव्यात सांगते" असं लिहिलं होतं, म्हणून उभी आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी मी एका हॉस्पिटलसाठी रुग्णनोंदणीचं सॉफ्टवेअर लिहिलं. नाव, वय, पत्ता, लिंग. लिंगासमोर दोनच पर्याय, आणि एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. हे बंधन मला कोणी सांगितलं नव्हतं. सवयीने घातलं. एका रात्री तिथे एक तृतीयपंथी रुग्ण आल्या, अंगात ताप. आधार कार्डावर 'ट्रान्सजेंडर'. काउंटरवरच्या मुलाला पुढचं पान उघडायचं होतं, त्याने 'पुरुष' दाबलं. बाकीचं माझ्या प्रोग्रामने केलं. केसपेपरवर 'श्री.' छापलं, पुरुषांच्या वॉर्डात खाट दिली. रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन १२.४ आलं, त्यापुढे 'कमी' अशी खूण केली, कारण पुरुषांची खालची मर्यादा १३ आणि बायकांची १२. त्या बाईंनी रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून काढली. पुरुषांच्या वॉर्डात जायला त्यांनी नकार दिला होता.

सकाळी मला 'एरर काढायला' बोलावलं. त्या अजून तिथेच होत्या. मी माफी मागितली आणि मूर्खासारखं विचारलं, "तुम्ही इतर ठिकाणी काय लिहिता?" त्या म्हणाल्या, "ताई, प्रश्न काय आहे ते मी वाचतच नाही. पुढच्या खिडकीवर कोणता कागद मागतील ते आठवते, त्या कागदावर जे आहे ते लिहिते." रेल्वेचं तिकीट काढताना आधारवर आहे ते, कारण टीसी तेच पाहणार. बँकेत पॅनवर आहे ते. आणि शाळेचा दाखला लागतो तिथे? दाखल्यावर जुनं नाव आणि 'मुलगा'. "तिथे अर्जच करत नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. वीस वर्षं मी फॉर्म बनवते. लोक खरं-खोटं लिहितात एवढंच मला माहीत होतं. लिहिणारा आपल्या प्रश्नाला नाही, पुढच्या तपासणीला उत्तर देतो, हे मला एका तापातल्या बाईने शिकवलं.

आमच्या धंद्यात यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ५२१८. शून्य म्हणजे माहीत नाही, १ पुरुष, २ स्त्री, ९ म्हणजे लागू नाही. माहीत नसण्याला जागा आहे, लागू नसण्यालाही आहे, तिसऱ्या उत्तराला नाही. मग तिसरा पर्याय टाकला की झालं, असं मलाही वाटायचं. तसं होत नाही. आधारमध्ये तीन पर्याय होते, पॅनच्या अर्जात एप्रिल २०१८ पर्यंत दोनच. आणि २०१७ मध्ये दोन्ही जोडणं सक्तीचं झालं! आधारवर ज्याने खरं लिहिलं, त्याचंच पॅन जुळेना.

आपल्याकडचं पोलीस भरतीचं प्रकरण आठवत असेल. २०२२ मध्ये ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री एवढेच पर्याय होते, म्हणून आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल यांना मॅटमध्ये जावं लागलं. मॅटने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं, सरकार हायकोर्टात गेलं, आणि डिसेंबरात तिथे पर्याय द्यायचं मान्य केलं. एक बटण वाढवायला आमच्याकडे फार तर एक दुपार लागते. पण धावण्याच्या, उंचीच्या कसोट्या कोणत्या लावायच्या याचे नियमच नव्हते. ते तयार होईपर्यंत तृतीयपंथी उमेदवारांची शारीरिक चाचणी थांबवावी लागली.

२०११ च्या जनगणनेत 'इतर' हा पर्याय होता. देशात ४,८७,८०३ जणांची त्यात नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. देशाच्या आकड्यात ० ते ६ वयाची ५४,८५४ मुलं आहेत. ती काही स्वतः बोलली नसणार! दारात प्रगणक, उत्तर द्यायला घरातलं वडीलधारं माणूस, शेजारी कान देऊन. ज्यांनी 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहवलं, ते या आकड्यात नाहीतच. त्यांनी खोटं सांगितलं असंही नाही. पुष्कळ ट्रान्स पुरुष स्वतःला नुसतं 'पुरुष' म्हणतात, तिसरा रकाना त्यांना नकोच असतो. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच मान्य केलं की पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवायचं. २०१९ च्या कायद्यात मात्र जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आलं, आणि त्यावर 'पुरुष' किंवा 'स्त्री' हवं असेल तर शस्त्रक्रियेचा कागद. म्हणजे आणखी एक खिडकी.

बाई, तुम्ही आम्हाला खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी असं घोकायला लावलं होतं. मराठीत शरीराला, ओळखीला आणि टेबलालाही 'लिंग' हा एकच शब्द. माझी काटोलकडची आजी जन्मभर "मी येतो" म्हणाली, तुम्ही माझं "मी येतो" खोडून लाल शाईने "येते" केलंत. आजीला कोणी खोडलं नाही. आणि "तुम्ही बसलात का" असं आदराने विचारलं की समोर कोण आहे याने क्रियापदाला फरकच पडत नाही. हॉस्पिटलच्या नव्या आवृत्तीत मी 'श्री./श्रीमती' काढून टाकलं, तेव्हा हे आठवलं होतं. वॉर्ड कोणता हवा हे आता रुग्णालाच विचारतात. रक्ताची मर्यादा कोणती लावायची ते डॉक्टर ठरवतात, कारण हार्मोन्स चालू असतील तर जुना रकाना उपयोगाचा नसतो.

आता आपला फॉर्म. टी-शर्ट वाटायचे होते, म्हणून माप विचारलं. खोल्या द्यायच्या होत्या, म्हणून कोणासोबत राहायला आवडेल ते विचारलं. लिंग कळून मला करायचं काहीच नव्हतं.

'शाळेतलं नाव' हा रकाना मात्र ठेवला. आम्हा मुलींपैकी बहुतेकींची आडनावं बदलली, काहींची नावंसुद्धा, आणि त्याचं कारण आजवर एकीलाही कोणी विचारलं नाही. हा रकाना समितीतल्या दोघांनाच दिसतो, हजेरीपटाशी पडताळून पाहण्यापुरता. स्मरणिकेत छापलं आहे ते ज्याने त्याने लिहिलेलं आताचं नाव. आपल्यापैकी कोणी या रकान्यामुळे आलं का, हे मी सांगणार नाही, आणि कृपा करून जेवताना विचारू नका.

ऑफिसमध्ये अजून जनरल रजिस्टर सांभाळणाऱ्यांना एक सांगते. जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावरून दहावी-बारावीच्या कागदांवरचं नाव आणि लिंग बदलून मागता येतं. उद्या कोणी दाखल्याच्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन खिडकीशी आलं, तर आधी खुर्ची द्या, मग अर्ज वाचा.

टी-शर्ट मागच्या टेबलावर आहेत. 'एल' संपले आहेत, आपली सगळ्यांची मापं वाढली.