उचलून घेण्याची विद्या

जन्मतःच हाडें ठिसूळ असण्याचा एक विकार आहे. अशा बालकाचा लंगोट बदलतांना आईला त्याचे पाय धरून उचलतां येत नाहींत. कमरेखालीं पंजा पसरून देह अलगद वर करावा लागतो. बखोटीस धरणें तर वर्ज्यच. ही विद्या घरांत बहुधा एकटी आईच शिकते; म्हणून तिला सुटी कसली ती नाहींच! कचेरीस मात्र रजेचा हिशेब हवा. हिमाचल प्रदेशांतील अशाच एका प्राध्यापिकेची रजा संपली. बालसंगोपनाची रजा नाकारली गेली. केंद्र सरकारच्या नोकरींत ती ७३० दिवसांपर्यंत मिळते. त्या राज्यानें तो नियम स्वीकारलाच नव्हता. एप्रिल २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, स्त्रीनें नोकरी करणें ही मेहेरबानी नसून तिचा घटनादत्त हक्क होय, असें बजावून राज्यास धोरणाचा फेरविचार करण्यास सांगितलें.